सगळ्या गोळ्या घेऊनही: स्किझोफ्रेनिया असलेल्या एका स्त्रीच्या टीबी उपचारांचं प्रकरण

पार्श्वभूमी

तिला इथं कुसुम म्हणतो. नाव, वय, गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. औषधं आणि घडलेला क्रम तसाच ठेवला आहे.

कुसुम पस्तिशीतली. लग्नानंतर दोन वर्षांनी तिला आवाज ऐकू यायला लागले. शेजारच्या घरातला एक म्हातारा आपल्याबद्दल बोलतो, आपल्या जेवणात काहीतरी कालवतो, असं ती सांगायची. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं ते कायमचं. देवऋषी झाला, दोन खासगी दवाखाने झाले, मग ती आमच्या मानसोपचार ओपीडीत आली. निदान स्किझोफ्रेनियाचं. रिस्पेरिडोनचा उपयोग बेताचा झाला. ओलान्झापिननं आवाज कमी झाले, पण रक्तातली साखर चढली. शेवटी हॅलोपेरिडॉल लागू पडलं. रोज 15 मिलीग्रॅमवर तिचं अंग ताठ व्हायचं, तोंडातून लाळ गळायची, म्हणून 10 मिलीग्रॅमवर आणलं आणि जोडीला ताठपणा कमी करणारं ट्रायहेक्सीफेनिडिल दिलं. त्यावर ती चार वर्षं बरी होती. भाकरी थापायची, शेळ्या सोडायची, पुतण्याला अंगणवाडीत पोचवायची.

रुग्ण स्थिर झाला की दर महिन्याला आई किंवा भाऊच कागद घेऊन येतात आणि गोळ्या घेऊन जातात. एसटीचं भाडं दोघांचं कशाला, हा विचार घरच्यांच्या बाजूनं रास्तच आहे. कुसुमला मी अशी चार महिने पाहिली नव्हती. त्या चार महिन्यांत तिचं वजन 48 किलोवरून 41 वर आलं आणि आमच्या कागदावर त्याची नोंदच नव्हती.

खोकला तीन महिन्यांचा होता. तिनं स्वतःहून तक्रार केली नाही. घरच्यांना वाटलं, जेवत नाही ते ‘डोक्याचं’ असेल. तीव्र मानसिक आजारात शरीराची तक्रार अशीच हरवते. सांगणारा नीट सांगत नाही, आणि त्यानं सांगितलं तरी ऐकणारा ते वेडात जमा करतो. घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंनी खोकला ऐकला आणि थुंकीची डबी दिली म्हणून निदान झालं. सीबीनॅट या थुंकीच्या चाचणीत टीबीचे जंतू सापडले, पण रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारे नव्हते. ग्रामीण रुग्णालयातून नेहमीचा सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला. पहिले 56 डोस चार औषधांचे, पुढचे 112 डोस तीन औषधांचे. 35 ते 49 किलोच्या गटात रोज तीन एकत्रित गोळ्या येतात, म्हणजे तिच्या पोटात रोज 450 मिलीग्रॅम रिफाम्पिसिन आणि 225 मिलीग्रॅम आयसोनायझिड जात होतं.

तिथं कुणी मानसिक आजाराबद्दल विचारलं नाही, आणि भावानं सांगितलंही नाही. ‘वेडी’ म्हटलं की औषधच देणार नाहीत, ही भीती. आमच्याकडे टीबीचं सांगितलं नाही, कारण वहिनीच्या माहेरी कळलं तर काय, ही दुसरी भीती. एकाच घरानं दोन दवाखान्यांत दोन गुपितं सांभाळली होती.

काय बिघडलं

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात झोप गेली. चौथ्या आठवड्यात ती भिंतीकडे तोंड करून बोलायला लागली. त्यातच एका सकाळी तिला लघवी लालसर दिसली. रिफाम्पिसिननं लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी नारिंगी-लाल होतं आणि त्यात धोका काही नसतो. पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या बाईला आधीच वाटतं की आपल्या जेवणात काहीतरी कालवलं जातं, तिनं त्या रंगाचा काय अर्थ लावला असेल? ‘रक्त काढून घेतायत माझं.’ चार दिवस तिनं टीबीच्या गोळ्या तोंडात घेतल्याच नाहीत. मग आशाताईंनी समजूत काढून त्या पुन्हा सुरू केल्या.

पाचव्या आठवड्यात भाऊ तिला आमच्या ओपीडीत घेऊन आला. ती ओरडत होती, रात्री घराबाहेर पळत होती. गर्दीचा दिवस होता. चार वर्षं स्थिर असलेला रुग्ण अचानक बिघडला की आपलं पहिलं अनुमान ठरलेलं असतं. मी केसपेपरवर ‘औषधं नियमित घेत नाही’ असं लिहिलं, इंजेक्शन दिलं आणि आईला सांगितलं, ‘मावशी, तुम्ही लक्ष देत नाही. गोळी गालात धरून थुंकत असेल.’ त्या म्हणाल्या, ‘मी सवताच्या हातानं देती, डॉक्टर. तोंड उघडून बघती.’ ते मी ऐकलं, पण त्याला वजन दिलं नाही.

या प्रकरणातला पहिला निर्णय तो, आणि तो चुकला. ‘दुसरी कुठली औषधं चालू आहेत का?’ हे मी विचारलं नाही.

सहा दिवसांनी ते परत आले. इंजेक्शनचा परिणाम एक रात्र टिकला होता. या वेळी मावशींनी प्लास्टिकची पिशवी आणली होती. त्यांनी ती माझ्या टेबलावर उपडी केली. महिनाभराच्या रिकाम्या पट्ट्या होत्या, एकही टाकलेली नव्हती. आपल्यावर आळ आलाय हे त्यांना कळलं होतं आणि त्यांच्याकडे दुसरा पुरावा नव्हता. मी पट्ट्या मोजल्या. हॅलोपेरिडॉलची एकही गोळी चुकलेली नव्हती. त्या ढिगात काही वेगळ्या, मोठ्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. मागं छापलं होतं: रिफाम्पिसिन, आयसोनायझिड, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल.

‘हे तुम्ही सांगितलं नाही?’

‘तुम्ही मनाच्या गोळ्यांचं विचारलं, तेवढंच सांगितलं.’

निदानाचा गुंता

रिफाम्पिसिन यकृतातल्या औषध मोडणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) जोरानं कामाला लावतं. विशेषतः सीवायपी 3ए4 हे विकर. पहिल्या काही दिवसांत हे सुरू होतं आणि साधारण दोन आठवड्यांत पूर्ण भरात येतं. हॅलोपेरिडॉल अशाच विकरांनी मोडतं, त्यामुळे रक्तातलं त्याचं प्रमाण पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाली येऊ शकतं. थोडक्यात, मावशी रोज 10 मिलीग्रॅम देत होत्या आणि मुलीच्या मेंदूला तीन-साडेतीन मिलीग्रॅमएवढंच मिळत होतं. बिघाडाची वेळही या हिशेबात नेमकी बसत होती.

पण वेळ जुळली म्हणून बाकीच्या शक्यता सोडता येत नाहीत. सगळ्यात भीतीची शक्यता मेंदूच्या आवरणाच्या टीबीची. फुप्फुसाचा टीबी असलेल्या माणसाचं वागणं बदललं की तिचा विचार आधी करायचा, मग त्याला मानसिक आजार असो वा नसो. मानसिक आजार असला तर जास्तच, कारण तिथं ती हमखास नजरेतून सुटते. कुसुमला ताप नव्हता, मान ताठ नव्हती, उलट्या नव्हत्या. वार, ठिकाण, माणसं तिला ओळखू येत होती. सीटी स्कॅन करून घेतला, तो ठीक आला. पाठीतलं पाणी काढायचं का, यावर फिजिशियन आणि मी बराच वेळ बोललो. त्या अवस्थेत तिला धरून ठेवावं लागलं असतं. ताप किंवा गुंगी दिसली तर त्याच दिवशी काढायचं, असं ठरवून थांबलो. यकृताच्या तपासणीत विकरं थोडी वाढलेली होती, पण तिपटीच्या आत.

दुसरी शक्यता आयसोनायझिडची. या औषधानं क्वचित खरोखर सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) होतो, आणि ब-6 जीवनसत्त्व कमी पडलं की मज्जातंतूंवरही परिणाम होतो. कुपोषित, अशक्त रुग्णाला पायरिडॉक्सिन, म्हणजे हेच ब-6, सुरुवातीपासूनच द्यायला हवं. तिला ते मिळत नव्हतं. टीबीची औषधं आणि मन यांचं नातं जुनंच आहे. 1952 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयसोनायझिडचं भावंड असलेलं इप्रोनायझिड घेणारे क्षयरुग्ण उत्साही, आनंदी दिसायला लागले, आणि त्यातून नैराश्यावरचं सुरुवातीचं एक औषध मिळालं. तेव्हा ‘टीबीच्या गोळीनं मन कसं बदलेल?’ असा प्रश्न निदान डॉक्टरांनी तरी विचारू नये.

मग आयसोनायझिड की रिफाम्पिसिन? रक्तातलं हॅलोपेरिडॉल मोजायची सोय आमच्या जिल्ह्यात नव्हती. निवाडा कुसुमच्या बोलण्यावरून करावा लागला. मी तिला विचारलं, ‘कोण बोलतंय?’ तिनं त्याच शेजारच्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं, बारा वर्षांपूर्वीची तीच वाक्यं सांगितली. नवा आजार नव्या गोष्टी घेऊन येतो. हा जुनाच आजार होता, झाकण उडालेला. हा पुरावा पक्का नाही, पण पुढं काय करायचं ते ठरवायला तो पुरेसा होता.

पुढ्यातले पर्याय

भावाचं म्हणणं होतं, टीबीच्या गोळ्या थांबवा, आधी डोकं ताळ्यावर येऊ दे. घरच्यांची ही मागणी जवळजवळ प्रत्येक वेळी येते आणि ती समजण्यासारखी असते, कारण खोकल्यापेक्षा रात्रीचा आरडाओरडा गावाला ऐकू जातो. पण रिफाम्पिसिन हा या कोर्सचा कणा आहे. ते काढलं तर उपचार लांबतात, दुबळे होतात. अर्धवट सोडलं तर जंतू निगरगट्ट होण्याचा धोका, आणि मग सायक्लोसेरिनसारखी औषधं वापरायची वेळ येऊ शकते, जी स्वतःच सायकोसिस आणि आत्महत्येचे विचार आणू शकतात. म्हणून हा पर्याय आम्ही पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला. रिफाम्पिसिनच्याच गटातलं रिफाब्युटिन विकरांना कमी चेतवतं, पण ते तिच्या एकत्रित गोळीत नव्हतं. पाच आठवड्यांनी सगळी घडी मोडून सुट्या गोळ्या सुरू करणं फिजिशियनला पटलं नाही, मलाही नाही.

महिन्याचं डेपो इंजेक्शन द्या, गोळीचा प्रश्नच मिटेल, असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. हा गैरसमज मला वारंवार भेटतो. इंजेक्शननं पोट टळतं, यकृत टळत नाही. रक्तात आलेलं औषधही रिफाम्पिसिन वेगानं मोडायला लावतं.

खरी निवड दोन पर्यायांत होती. एक, हॅलोपेरिडॉलचा डोस वाढवायचा. दोन, अमिसल्प्राइड या दुसऱ्या मनाच्या औषधावर न्यायचं. अमिसल्प्राइड यकृतात फारसं मोडत नाही, बहुतेक मूत्रपिंडावाटे तसंच बाहेर पडतं, त्यामुळे रिफाम्पिसिन त्याच्या वाटेत येत नाही. तिचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, चांगलं होतं. पण हे औषध तिनं कधी घेतलेलं नव्हतं, लागू पडेल की नाही ठाऊक नव्हतं, आमच्या साठ्यात नव्हतं आणि खिशातून आणायचं तर सहा महिने आणावं लागलं असतं. भर वादळात ओळखीची होडी सोडायची नाही, असं मी तेव्हा ठरवलं. हॅलोपेरिडॉल वाढवायचं ठरलं.

(तिला स्किझोफ्रेनियावरचंच क्लोझापिन चालू असतं तर गोष्ट याहून बिकट झाली असती. त्याचं प्रमाणही रिफाम्पिसिननं कोसळतं. शिवाय विडी ओढणारा रुग्ण खोकल्यामुळे विडी सोडतो, तेव्हा धुरानं चेतवलेलं दुसरं एक विकर थंडावतं आणि क्लोझापिन वाढायला लागतं. दोन विरुद्ध ओढी एकाच वेळी. तिथं रक्तातली पातळी न मोजता डोस बदलणं मला जमणार नाही.)

एक पर्याय घरातून आला होता आणि त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. वहिनीनं विचारलं, गोळ्या कुटून आमटीत घालू का? मी नाही म्हणालो. रिफाम्पिसिन उपाशीपोटी नीट शोषलं जातं, हे एक कारण. मोठं कारण असं की, जिला वाटतं जेवणात काहीतरी कालवतात, तिच्या जेवणात आपण खरंच कालवायचं? एकदा सापडलं असतं तर तिनं गोळ्याही सोडल्या असत्या आणि आईच्या हातचं जेवणही.

काय केलं

तिला दाखल करणं भाग होतं आणि जागा मिळेना. टीबीच्या वॉर्डला आरडाओरडा करणारी बाई नको होती, मानसिक रुग्णांच्या वॉर्डला टीबीची बाई नको होती. दोन्हीकडच्या नर्स चुकत होत्या असं मी म्हणणार नाही. दोन्हीकडे मनुष्यबळ तुटपुंजं होतं. पण त्या तीन तासांत कुसुम आणि मावशी बाहेरच्या बाकावर बसून होत्या, ते मला विसरता येत नाही. शेवटी थुंकी पुन्हा तपासली, तीत जंतू दिसले नाहीत, तेव्हा खिडकी असलेली एक बाजूची खोली मिळाली. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 89 खाली, आईला नामनिर्देशित प्रतिनिधी धरून, तिला दाखल केलं. ती नऊ दिवस राहिली.

हॅलोपेरिडॉलनं हृदयाच्या ठोक्यांतलं क्यूटी अंतर वाढू शकतं, म्हणून ईसीजी काढला; ते मर्यादेत होतं. हॅलोपेरिडॉल 15 आणि चार दिवसांनी 20 मिलीग्रॅम केलं. पायरिडॉक्सिन सुरू केलं. सकाळी उपाशीपोटी टीबीच्या गोळ्या, दुपारी आणि रात्री मनाच्या, असं वेळापत्रक आखलं. दोन्ही औषधं वेगळ्या वेळी दिल्यानं रिफाम्पिसिनचा परिणाम टळत नाही, हे मावशींना मुद्दाम सांगितलं. वेळापत्रक होतं ते गोंधळ टाळायला.

लाल लघवीचं मी तिला स्वतः समजावलं. ‘बीट खाल्लं की होतं ना तसं? हा गोळीचा रंग आहे. रंग दिसतोय म्हणजे गोळी पोटात पोचली.’ तिचा लगेच विश्वास बसला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं नर्सला बोलावून रंग दाखवला आणि विचारलं, ‘पोचली का?’

आता सर्वांत बोलकी खूण सांगतो. चार वर्षांपूर्वी 15 मिलीग्रॅमवर हिचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. आता 20 वर हात मोकळे हलत होते, लाळ नव्हती, चाल नेहमीची होती. प्रयोगशाळेत जे मोजता येत नव्हतं ते तिच्या मनगटात मोजता येत होतं. मी रोज सकाळी तिचा हात कोपरात वाकवून बघायचो. नवव्या दिवसापर्यंत आवाज पुसट झाले. पूर्ण गेले नाहीत. घरी सोडताना ती झोपत होती, जेवत होती आणि दोन्हीकडच्या गोळ्या घेत होती.

केसपेपरवरचं ‘औषधं नियमित घेत नाही’ हे वाक्य मी खोडलं, शेजारी खरं कारण लिहून सही केली आणि मावशींना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीत पट्ट्या परत भरायला लागल्या.

कोर्स संपताना

रिफाम्पिसिन थांबलं की विकरं साधारण दोन आठवड्यांत जुन्या वेगावर येतात. मग तेच 20 मिलीग्रॅम खरोखरचे 20 होतात. म्हणून कोर्सच्या शेवटच्या दिवशी 15 आणि दोन आठवड्यांच्या आत 10 अशी उतरण ठरवली होती. ती तारीख मी मावशींच्या घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहून घ्यायला लावली.

ती तारीख चुकली, आणि चूक माझी. 168 डोस मोजताना चुकलेले चार दिवस मी पुढं ढकलले ते बरोबर होतं. पण वॉर्डातले नऊ दिवसही मी पुढं ढकलले. त्या नऊ दिवसांचे डोस आमच्याच नर्सनी दिलेले होते आणि टीबीच्या नोंदीत रीतसर चढलेले होते. कोर्स माझ्या लाल तारखेच्या नऊ दिवस आधी संपला. टीबी विभागानं मला फोन केला नाही, कारण फोन करा असं मी त्यांना लेखी कळवलंच नव्हतं.

लाल तारखेला मावशींनी सांगितल्याप्रमाणे डोस 15 वर आणला, पण तोवर नऊ दिवस 20 चालूच होतं. कोर्स संपल्यापासून तेराव्या दिवशी भावाचा फोन आला: कुसुमला भाकरी थापता येईना. हात उचलत नाही, तोंडातून लाळ गळतेय, पावलं फरफटतायत. फोनवरच डोस 10 वर आणला आणि दुसऱ्या दिवशी तपासलं. ट्रायहेक्सीफेनिडिल थोडे दिवस वाढवलं. मोकळी व्हायला दोन आठवडे लागले. जिवावर बेतलं नाही. पण वर्षभरात ज्या बाईनं दोन्ही आजार सोसले तिला हा तिसरा त्रास आमच्या हिशेबामुळे झाला.

निष्पत्ती

शेवटच्या तपासणीत थुंकी स्वच्छ, वजन 47 किलो. टीबीच्या रुग्णांना मिळणारे पोषण आहाराचे पैसे तिच्या नावाच्या खात्याअभावी पहिले दोन महिने अडकले होते, नंतर मिळाले. त्यांची अंडी आणि शेंगदाणे आले. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, पुतण्याला प्रतिबंधक औषध दिलं. हॅलोपेरिडॉल 10 मिलीग्रॅमवर आहे. शेजारचा म्हातारा अधूनमधून बोलतो, ती त्याला उत्तर देत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाठीतलं पाणी न काढण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन. अमिसल्प्राइडचा तसा घेणार नाही. टीबीचं निदान मला पहिल्या दिवशी कळलं असतं, तर ती शांत असतानाच तिला हळूहळू अमिसल्प्राइडवर नेऊन बघता आलं असतं. मासिक पाळी आणि ईसीजीवर लक्ष ठेवावं लागलं असतं, पण कोर्स सुरू होताना डोस चढवणं आणि संपताना उतरवणं, हे दोन्ही अवघड टप्पे टळले असते. निदान उशिरा कळल्यामुळे माझ्या हातात फक्त वाईट वेळेची निवड उरली होती. हॅलोपेरिडॉलच ठेवायचं होतं, तर दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला तिला पाहून, आवाज परतण्याआधी डोस वाढवायला हवा होता.

आता आमच्या ओपीडीत प्रत्येक कागदावर तीन नोंदी होतात: वजन, खोकला, आणि बाहेरची कुठलीही औषधं. दर तिसऱ्या महिन्याला रुग्णानं स्वतः यायचं असतं. भाड्याची अडचण असेल तिथं आशाताई घरी वजन करून कळवतात. टीबी सुपरवायझरला आम्ही एक पानाचं पत्र देतो. त्यात मानसिक आजाराच्या औषधाचं नाव आणि डोस असतो, आणि खाली एक ओळ: शेवटचा डोस देण्याच्या पंधरा दिवस आधी या क्रमांकावर फोन करावा. नातेवाइकांची संमती घेऊनच ते पत्र जातं. कुसुमच्या भावानं सुरुवातीला संमती दिली नसती, असं त्यानं मला नंतर सांगितलं. त्याचं कारण मला कळतं, आणि त्या भीतीवर माझ्याकडे पत्राहून चांगला उपाय अजून नाही.

मावशी दर महिन्याला येतात, आता कुसुमला बरोबर घेऊन. पिशवी अजून आणतात. मी पट्ट्या मोजतो.